सनमायकाच्या फळीला सात भोकं

सनमायका या वस्तूचा मला मनापासून राग आहे. दिसायला गुळगुळीत, पुसायला सोपी, आणि भोक पाडायला घेतली की काठाला अशी फुटते की बघवत नाही. धाटावच्या कंपनीत इतकी वर्षं शिफ्ट करून जेवढं डोकं फिरलं नसेल, तेवढं या चार फळ्यांनी फिरवलं.

फळ्या होत्या माझ्या मोठ्या भावासाठी. पेणला आमचा वडिलांपासूनचा गणपतीचा कारखाना आहे. मी नोकरीला लागून रोह्याला घर केलं. दादा मात्र कारखान्यातच राहिला. तो मूर्तींचे डोळे आखायचा. बाकीचं रंगकाम कुणीही करो, डोळ्यांना हात फक्त दादाचा. मागच्या गणपतीनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ तर गरजेपेक्षा जास्तच सावरली, पण उजव्या हाताची बोटं काही ऐकेनात. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, की आता हे महिने महत्त्वाचे आहेत, बोटं हलती ठेवा, एकदा आखडली की मग अवघड. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. दादानं तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून भिरकावला. वहिनीनं दुसरा आणला, तोही गेला.

"मी काय तान्हा हाय, चेंडू दाबत बसायला?"

तेव्हा मला पेणच्या स्टँडमागचं व्हिडिओ गेमचं दुकान आठवलं. लहानपणी आम्ही दोघं कारखान्यातून सटकून तिथं जायचो. माणसाच्या उंचीची पेटी, तिच्या छातीवर डाव्या हाताला एक दांडी आणि उजव्या हाताला सहा बटणं. दादाची बोटं त्या बटणांवर अशी पळायची की दुकानदार गल्ला सोडून बघायला यायचा. म्हटलं, चेंडू दाबत नाही ना, मग बटणं दाबेल. तशी पेटी घरीच करू.

बटणं, दांडी, आतला छोटा कॉम्प्युटर सगळं घरपोच आलं. पेटी रोह्याच्या एका सुतारानं करून दिली. उरली फक्त बटणांची फळी, प्लायवर काळी सनमायका चिकटवलेली. सहा बटणांची सहा भोकं आणि दांडीचं एक. "एवढं मी करतो हो," असं मी सुताराला मोठ्या तोऱ्यात म्हणालो. तो तोरा कुठून आला होता देव जाणे.

पहिली फळी मी घराच्या ओट्यावर घेतली. कागदावर नकाशा काढला, फळीच्या मागच्या बाजूला चिकटवला आणि मागूनच भोकं पाडली. मागून, कारण आमच्या कारखान्यात दुसरी पद्धतच नव्हती. मूर्तीला हात जोडायचा असो की प्रभावळ बसवायची असो, भोक पाडायचं ते पाठीकडून. तोंडाकडून हत्यार लावायचं नाही, हा वडिलांचा नियम. लहानपणी मी एकदा समोरून खिळा टोचला होता, तर वडील दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. तेव्हापासून समोरून काही टोचायला माझा हातच होत नाही. इतका, की आपण मागून पाडतोय हे मनातही येत नाही.

फळी उलटून बघितली तर सातही भोकांच्या कडेनं सनमायकाचे टवके उडालेले, उंदरानं कुरतडल्यासारखे. वर नकाशा मागून लावल्यामुळे सगळं उलटं झालेलं. दांडी उजवीकडे, बटणं डावीकडे. बायको दारात उभी होती. "अहो, भावजींचा उजवा हात ना?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. ती काही बोलली नसती तर बरं झालं असतं.

मग सल्ले सुरू झाले. हार्डवेअरवाला म्हणाला, ड्रिलचं बिट बोथट असेल, नवं घ्या. नवं घेतलं. दुसऱ्या फळीचेही टवके उडाले. सुतार म्हणाला, सनमायकावर चिकटपट्टी मारा, ड्रिल हळू चालवा. पट्टी मारली, इतकं हळू चालवलं की शेजारचा विचारून गेला, लाईट कमी येते का तुमच्याकडे? तिसरी फळीही फुटली, आणि पट्टी काढताना सोबत आणखी एक टवका निघाला. कंपनीतल्या फिटरनं तर सनमायका तापवायला सांगितली. मी तापवली नाही, पण तापलो मात्र भरपूर. तू भोक कुठल्या बाजूनं पाडतोस, हे एकानंही विचारलं नाही. विचारणार तरी कशाला? जगातला कुणीही शहाणा माणूस सनमायकाला मागून भोक पाडत नसावा.

इकडे पेणला रिकामी पेटी नेऊन ठेवली होती. तिच्यावर दादाचा शर्ट वाळत असायचा. वहिनीचा फोन आला की तिच्या आवाजावरूनच कळायचं. "बोटं मिटतात, पर सरळ व्हायला बघत नाय. बाई रागावल्या आज. तुमचं झालं का वो ते?" मी म्हणायचो, होतंय. मला स्वतःचीच चीड यायची. माणूस तिकडे हात गमावत होता आणि मी इकडे सात भोकांशी कुस्ती खेळत होतो.

शेवटी सुट्टीच्या दिवशी चौथी फळी आणि ड्रिल गाडीला बांधून नागोठण्यावरून पेण गाठलं. म्हटलं, फुटली तर तिथंच फुटेल आणि विषय तिथंच संपेल. अंगणात फळी सनमायका खाली करून पालथी ठेवली आणि ड्रिल टेकवलं. दादा खुर्चीत बसून बघत होता.

"मागून काय मारतोस?"

"मग?"

"तो काय देव हाय? फळी हाय ती. सुलटी कर, समोरनं मार. खाली लाकडाचा तुकडा दाब."

मी ड्रिल खाली ठेवलं. तीन फुटक्या फळ्या, नवं बिट, अर्ध्या रोह्याचे सल्ले, आणि उत्तर आमच्याच घराच्या नियमात अडकून बसलं होतं. इतका राग आला की हसूही येईना. फळी सुलटी केली, वर पट्टी चिकटवून तिच्यावर पुन्हा खुणा केल्या, खाली तुकडा दाबला. वडिलांची क्षमा मागून समोरून ड्रिल घातलं. दांडीचं भोक पडलं. कडा अशी स्वच्छ, की बोट फिरवलं तरी खरखर नाही.

मी दुसऱ्या खुणेकडे वळलो तर दादा म्हणाला, "थांब. खुणा चुकल्यात तुझ्या. बोटं अशी पट्टीनं आखल्यासारखी असतात काय? कमानीत असतात." आणि दाखवायला म्हणून त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून फळीवर ठेवला. मग माझ्या कानावरची पेन्सिल मागितली. मला वाटलं, डाव्या हातात घेईल. त्यानं ती उजव्या हातात कोंबली.

वहिनी दारात आली होती. तिनं मला नजरेनंच गप्प केलं. सहा टिंबं काढायला दादाला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. पेन्सिल दोनदा पडली, दोनदा मी उचलून दिली. चौथं टिंब घसरून अर्धं बोट खाली गेलं. मी जिथं टिंब होतं, तिथंच भोक पाडलं.

पेटी चालू झाली. दादा रोज खेळतो, हरतो आणि पेटीला शिव्या घालतो. बोटं अजून अडखळतात, पण बाई आता रागवत नाहीत. आणि परवा त्याचा फोन आला.

"ती फळी बदल. चौथं बटन खाली हाय."

"अरे दादा, चालतंय ना सगळं!"

"चालतंय, पर माझ्या हातची रेघ अशी कोणी बघितली तर काय म्हणंल? नवीन आण. खुणा मीच करणार. सहा टिंबं कमानीत आली नाय, तर डोळे काय आखू मी?"

फोन ठेवला आणि उठलो. आता पाचव्या फळीला सनमायका चिकटवून वर दगड ठेवलेत. एका कोपऱ्यात ती आत्ताच सुटायला लागलीय.