तळाशी कोणाचं नाव?
छपाईच्या शाईचा वास आला की आठवतं: पालिका निवडणुकीआधीच्या मंगळवारी, सकाळी अकराला, आमच्या नगरसेवकाच्या कचेरीतल्या टायपिस्ट बाईंवर मी अन्याय करायला निघालो होतो. हडपसरची शाळेसाठी राखीव जागा त्याने आयटी कंपनीला मिळवून दिली, याचे कागद माझ्याकडे होते, त्यावर मी प्रचाराचं पत्रक लिहिलं! वर त्याच्या आणि त्या बाईंच्या लफड्याची कुजबुजही मी पत्रकात घातली, बाईंच्या नावासकट. सदाशिव पेठेतल्या छापखानेवाल्या काकांनी मजकूर वाचला. “लफड्याचा पुरावा?” “सगळे बोलतात, काका.” “वा! बाईंचं नाव ठळक, आणि खाली प्रकाशक म्हणून आपलं लिहायला लाज वाटली?” माझे कान तापले. लफड्याची ओळ खोडली, तळाशी माझं नाव घातलं आणि जमिनीचं पत्रक दणक्यात छापलं! तुमच्याकडेही अशी पत्रकं येत असतील. तळाशी नाव नसेल तर पुढे देऊ नका, फाडा.