पाथरीची लेखिका आणि वालूरची सून

लग्नाआधी माझ्या काही गोष्टी परभणीच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत छापून आल्या होत्या. गोष्टीखाली नाव आणि गाव द्यायची तिथे पद्धत होती. माझ्या नावापुढे पाथरी असे. संपादकांना मी कधी भेटले नव्हते. सगळा व्यवहार पोस्टाने होई.

लग्न वालूरला झाले. आमच्याकडे नवरा तबकातल्या तांदळात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितो. ते सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवले होते. वडिलांचे नाव आणि आडनाव जातेच; माझे पहिले नावही गेले. पंगती बसेपर्यंत माझ्या नावातला एकही शब्द जुना उरला नव्हता.

पुढची गोष्ट नव्या नावाने, नव्या गावाहून पाठवली. ती परत आली. सोबत चिठ्ठी होती: लेखन बरे आहे, मात्र पाथरीच्या एका लेखिकेची छाप फार जाणवते. स्वतःची वाट शोधावी.

मी वाट शोधली. वाक्ये लहान केली, गोष्टीतली विहीर काढून हापसा घातला. तीही परत आली. आता चिठ्ठीची भाषा कडक होती. वाक्ये तोडून चोरी लपत नाही, आणि त्या बाईंचे अक्षरसुद्धा गिरवले आहे, हे अती झाले.

मग एक गोष्ट जुन्या नावाने पाठवली, पत्ता मात्र वालूरचा. संपादकांचे उत्तर लगेच आले. पोस्टमन ते घेऊन दारात आला, नाव वाचले आणि परत वळला.

"या नावाची बाई गावात न्हाई."

ती मीच, असे मी सांगितले.

"वैनी, तुमचं नाव मला म्हाईत हाय. मी तुमच्या लग्नात जेवलोय."

पत्र परभणीला परत गेले. पत्ता खोटा म्हणून संपादकांनी ती गोष्टही थांबवली. एक बाई छापली जात होती, पण ती कुठे राहत नव्हती. दुसरी राहत होती, पण छापली जात नव्हती. दुपारी भांडी झाल्यावर मला लिहायला तासभर मिळे. काहीच छापून येत नाही तर हा तास कशाला, असे घरात विचारले जाऊ लागले. तो गेला असता तर लिहिणे संपले असते. म्हणून परभणीला जायचे ठरवले. सुनेने एकटीने जायचे नव्हते, तेव्हा सासूबाई सोबत आल्या.

नामांतराचे दिवस होते. एसटी कधी धावे, कधी बंद असे. आम्ही पोचलो तेव्हा कार्यालयात विद्यापीठाच्या नावावरून वाद चालू होता. माझ्या नावाकडे वळायला मंडळींना थोडा वेळ लागला.

"तुम्ही दोघी एकच?" संपादक म्हणाले. "पुरावा काय?"

"पुरावा काय मागायलाव?" सासूबाई म्हणाल्या. "नाव मी ठेवलंय. आधीचं लय जुनाट होतं."

"मावशी, ही चोरी आहे. ऐका तुम्हीच."

त्यांनी परत केलेली गोष्ट मी सोबत आणली होती; साम्य दाखवण्यासाठी त्यांनी तिच्यातला एक उतारा मोठ्याने वाचला. त्यातली सासू डब्यातले पीठ वरून सपाट करते आणि त्यावर पंजा उमटवून ठेवते. सुनेने पीठ काढले तर कळावे म्हणून.

विद्यापीठाचा वाद थांबला. सासूबाईंनी ही गोष्ट आजवर ऐकली नव्हती. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला.

"हे छापणार?"

"तुम्ही म्हणता तसं असेल तर छापू. उत्तम आहे. नवं नाव टाकतो, खाली वालूर."

"आमचं नाव न्हाई टाकायचं."

"अहो, तुम्हीच ठेवलंत ना?"

"घरात हाक मारायला ठेवलंय, पेपरात टाकायला न्हाई. तिचं जुनंच टाका. आन् गाव पाथरी. ठळक टाका."

"मग पत्रं कुठं पाठवू?"

"आमच्याकडंच धाडा. पोस्टमनचं मी बघते."

संपादकांनी माझ्याकडे पाहिले. मी चालेल म्हटले.

गोष्ट रविवारी आली. दुपारी ओसरीवर शेजारच्या सुनेने ती मोठ्याने वाचून दाखवली. जमलेल्या बायकांत बऱ्याच सासवा होत्या.

"पिठावर पंजा!" एक म्हणाली. "असल्या बाया आस्तेत का कुठं?"

"पाथरीकडं आस्तेत," सासूबाई म्हणाल्या. "बिचारी कशी नांदायली आसंल!"

सगळ्या हळहळल्या. मी आत लिहायला गेले. कोणी हाक मारली नाही.