मुनिराजूने अडवलेला हुळा

मुनिराजूने रेशमाच्या कोषबाजारातल्या किड्यांवर औषध मारलं आणि सगळा माल मेला, अशी बोंब सकाळी दहालाच आमच्या गल्लीत पोचली. त्याच्या बायकोने रागीचा गोळा पातेल्यातच सोडला. खरं तर औषध पडलं होतं संगणकांच्या जाळ्यावर. आणि आपण नेमकं काय टाकलं, हे मुनिराजूला तरी कुठे उमगलं होतं!

शिडलघट्टा रस्त्यावरच्या गंगम्मा रेशीम संघात तो संगणक सांभाळतो. शेतकरी कोषांचे फोटो पाठवतात, कोष विकत घेऊन धागा काढणारे सूतवाले फोनवर बोली लावतात. सगळं संघाच्याच इंटरनेटवरून. मध्ये दोन यंत्रं बसलेली. फायरवॉल म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, आणि प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे आत प्रत्येकाची पिशवी उघडून बघणारा. दोघांवर अँटिव्हायरस चढवा, संगणक बिघडवणारा 'वर्म' दिसला की अडवा, असं बेंगळुरूहून पत्र आलं. वर्म म्हणजे किडा, कन्नडमध्ये हुळा. यंत्राला इंग्रजी शब्द पुरेल की नाही, या शंकेने आमच्या शहाण्याने दोन्ही यंत्रांच्या अडवायच्या शब्दांच्या याद्यांत 'हुळा'सुद्धा लिहून ठेवला.

रेशमाच्या बाजारात प्रत्येक फोटोचं नावच 'अमक्याचा हुळा'! शेतकरीण नारायणम्माचा फोटो आला आणि बाजारातल्या बोलीच्या फलकावर लाल अक्षरं उमटली : 'नारायणम्मा. हुळा सापडला. माल अडवला.'

"अरे सामी, माझ्या मालात हुळा नाही तर काय लाडू सापडणार?" नारायणम्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

सूतवाले अयूब साब दोन पावलं मागे सरकले. "अक्का, रोगबिग नाही ना? बारापर्यंत थांबतो. मग मी दुसऱ्या बाजाराला."

नारायणम्माचा चेहरा उतरला. कोष पिकलेले, उद्या पतंग भोक पाडून बाहेर पडले की त्यातून सलग धागा निघत नाही, सगळी मेहनत मातीत.

मुनिराजूने फायरवॉलच्या यादीतला शब्द खोडला. लाल अक्षरं तशीच. यंत्र बंद करून चालू केलं, तर इंटरनेटच गेलं; ते परत आलं तरी लाल अक्षरं हटेनात. गोंधळलेल्या माणसाला आमच्याकडे 'डोक्यात हुळा शिरला' म्हणतात. मुनिराजूच्या डोक्यात तर किड्यांचं अख्खं तबक वळवळत होतं. फाटकावरचा सोडतोय, मग अडवतंय कोण?

"पिशवीवाला!" तो एकदम ओरडला. प्रॉक्सीच्या यादीतला हुळा राहिलाच होता. तो खोडला, तेव्हा बाराला पाच कमी होते. फलक हिरवा झाला आणि अयूब साबनी नारायणम्माचा माल पहिल्या बोलीत उचलला.

सेक्रेटरी अश्वत्थप्पा मात्र फणफणत आले. "उद्यापासून कुणीही फोटोवर हुळा लिहायचं नाही, अशी नोटीस लाव."

मुनिराजू म्हणाला, "सायेब, यंत्राला कळत नाही म्हणून नारायणम्माने आपल्या किड्यांचं नाव बदलायचं? त्यापेक्षा मी यंत्रालाच कन्नड शिकवतो."