ओचो रिओसच्या धबधब्याखाली

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात मी भाजी चिरायचं काम करायचो. जहाज जमैकातल्या ओचो रिओस बंदराला लागायचं. तिथला धबधबा डोंगरावरून टप्प्याटप्प्यानं उतरत थेट समुद्राला मिळतो. तो बघायला लोक कुठून कुठून येतात. मी मात्र धक्क्यावरच्या फोनपलीकडं कधी गेलो नव्हतो.

महिन्यातून एकदा मी गावी, बदनापूरला, शेजाऱ्यांकडं फोन करून वडिलांशी, अण्णांशी, बोलायचो. त्या दिवशी फोनवर थोरली बहीण आली.

"आरं, कुठं होतास? अण्णा गेले रे. आज अकरावा दिवस."

"मला कुणी कळवलं नाही, ताई."

"तुझ्या जहाजाच्या मुंबईच्या हापिसात रोज फोन लावले. निरोप देतो म्हणले, बस. शेवटी मीच अग्नी दिला."

"मी निघतो, ताई."

"आता येऊन काय करतूस? काम सोडू नको. अण्णा बी तेच म्हणत होते." तेवढ्यात फोनचं कार्ड संपलं.

सोबतच्या गोव्याच्या आचाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "चल, वाहत्या पाण्याला जाऊ. जहाजावर कुठं काय करशील?"

धबधब्यापाशी पर्यटक एकमेकांचे हात धरून, हसत, ओरडत खडक चढत होते. मी खालीच थांबलो. दक्षिण कुठं, असं वाटाड्याला विचारलं. त्यानं डोंगराकडं बोट केलं. तिकडं तोंड करून मी ओंजळ भरली. तीळ नव्हते, मंत्र येत नव्हता. अण्णांचं नाव घेऊन पाणी सोडलं. दुसऱ्या ओंजळीला पाहिलं, तर शेजारचं एक म्हातारं जोडपं माझी नक्कल करत पाणी सोडत होतं. त्यांना तो तिथलाच काही खेळ वाटला असावा. बाई माझ्याकडं बघून हसली. तिसरी ओंजळ मला धड भरता आली नाही.

संध्याकाळी पुन्हा कांदे चिरायला उभा राहिलो.

चार महिन्यांनी घरी आलो. अण्णांचे कपडे वाटून झाले होते, खाट शेजाऱ्यांकडं गेली होती. जेवताना ताईनं विचारलं, "फोन झाल्यावर काय केलंस रे त्या दिवशी?"

बाप गेल्याचं कळल्यावर मी धबधब्याला गेलो होतो, हे कसं सांगणार?

"कामावर होतो," म्हणालो. तिनं मान हलवली आणि ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.