दार मिटू न देणारी गोळी

मला फिट येतात, हे मी कुणालाही सांगते. एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही सांगते, म्हणजे मी पडलेच तर ती माझ्या नाकाला चप्पल लावायला धावणार नाही. डिंभे धरणाच्या पाटाखालच्या आमच्या गावात तोच एक उपाय होता. शुद्धीवर आले की पहिला वास चपलेचा यायचा, नाहीतर बुक्कीने फोडलेल्या कांद्याचा. बरं, त्यानेच मी शुद्धीवर आले असा कांदा आणणाऱ्याचा ठाम समज. फिट आपोआप थांबते, हे कोण सांगणार!

सहावीत असताना घोडेगावच्या डॉक्टरांनी मला बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बजावून सांगितलं की गोळी मध्येच बंद करायची नाही. फिट थांबल्या, पण झोप मानगुटीवर बसली. वर्गात डुलक्या, जेवताना डुलक्या. पोरी मला झोपाळू म्हणायच्या. म्हणा खुशाल, चपलेपेक्षा झोप बरी.

ही गोळी डोक्यात शिरून करते तरी काय, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. सरांनी ग्रंथालयातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून दिलं आणि मी डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याच्याशी झटले. मेंदूतल्या पेशींवर बारीक बारीक दारं असतात. गाबा नावाचं रसायन मेंदू स्वतःच बनवतो. ते दाराला चिकटलं की दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि खवळलेली पेशी शांत होते. मला तर आमच्या पाटाचं दारच दिसायला लागलं. माझी गोळी त्याच दारावर, पण गाबापासून निराळ्या जागी जाऊन बसते आणि उघडलेलं दार लवकर मिटू देत नाही. फिट थांबते ती त्यामुळे, आणि झोप येते तीही त्यामुळेच.

पुढच्या पानावर उलट्या चालीची रसायनं होती. ती त्याच दाराच्या तोंडात बोळा कोंबतात. मग गाबा कितीही येवो, आत काही जात नाही. पेशी खवळलेलीच राहते आणि माणूस आचके देतो. त्यात एक नाव ओळखीचं निघालं, एन्डोसल्फान. त्याचा डबा आमच्या गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागे होता, टोमॅटोवर फवारायला. मी स्वतः ते पिंपात काठीने ढवळलं होतं.

घरी येऊन सांगितलं तर आबा हसले. "अगं, त्ये किड्यांसाठी असतंय. माणसाला काय व्हतंय त्येनं?"

"किड्यालाही तसंच दार असतं, आबा."

"लई शिकली बाई तू," म्हणून ते पंप पाठीला लावून निघून गेले. तो डबा मी पुन्हा उघडला नाही.

मग मला बघायला पाहुणे यायचे ठरले. आत्या आधीच येऊन राहिली आणि तिने फर्मान काढलं, "गोळ्या बंद कर. डोळं कसं टवटवीत पायजेत. पावण्यांपुढं जांभया दिल्यास तर लगीन जमंल का तुजं?" मी ऐकेना, तेव्हा आबांनी पाकीटच लपवलं. मी घर पालथं घातलं, रडले, भांडले. चार-दोन दिवसांनी काय बिघडतंय, एवढंच उत्तर. त्यात आमचा टोमॅटोचा प्लॉट निरोगी दिसावा म्हणून पाहुण्यांच्याच दिवशी सकाळी त्यावर त्याच डब्यातली फवारणी झाली. टोमॅटो अगदी ओट्यापर्यंत होते. घरभर वास.

पोह्यांच्या बश्यांसकट मी पाहुण्यांपुढे आडवी झाले. फवारणीचा त्यात किती हात होता, ते मी छातीठोक सांगणार नाही. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम तोडणं तेवढं पुरेसं होतं. डोळे उघडले तेव्हा नाकाशी कांदा होता आणि अंगणातून पाहुण्यांची जीप निघाली होती.

"गोळ्यांनीच वाटुळं केलं," आत्या म्हणाली. "आता कायमच्या बंद."

ते ऐकलं आणि माझं टाळकंच फिरलं. लग्न गेलं खड्ड्यात. गोळी गेली तर कॉलेज, एसटी, एकटीने फिरणं, सगळंच गेलं असतं. आबांची नजर कणगीकडे गेली आणि मी ओळखलं. बाजरीत खांद्यापर्यंत हात घालून पाकीट बाहेर काढलं. तिथेच कोळशाने जमिनीवर दार काढलं, त्यात बोळा काढला, दार धरून ठेवणारी गोळी काढली. "हिला पुन्हा हात लावलात तर मी कुणापुढे बसणार नाही. आणि बसले तर आजार आधी सांगेन." आबा बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. आत्याने ते शेणाने सारवून टाकलं.

पुढचे पाहुणे संध्याकाळी आले, ऐन गोळीच्या वेळेला. आत्याने डोळे वटारले. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि कमरेला खोचलेली गोळी काढून हातावर घेतली. "मला फिट येतात. ही रोज घ्यावी लागते."

आबा उठले. आता हे मला दंडाला धरून आत नेणार, असंच मला वाटलं. ते आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"घे," तांब्या माझ्या हातात देत ते म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. "चुकवून चालत न्हाई, पावणं. दार मिटतं."

पाहुणे चहाला न शिवता उठले. त्यांचाही चहा मग आम्ही बापलेकीने प्यायला.