जयसिंग मिस्त्री आणि बसम्माची ऑस्टिन

शाहूपुरीत जयसिंग मिस्त्रीविषयी लोक म्हणायचे, याचा हात लागला की बंद गाडी सुरू होते आणि चालता माणूस बंद पडतो. दोन्ही खरं होतं. जुन्या विलायती मोटारीचं दुखणं तो नुसत्या कानानं ओळखायचा. आणि विशीत असताना त्यानं एका पैलवानाचा जबडा भर चौकात एका ठोशात मोडला होता.

बाळासोला हा दुसरा गुण जास्त हवा होता. बाळासो जुन्या मोटारींचा व्यापारी. एके काळी वकिलांनी, सावकारांनी, तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी हौसेनं घेतलेल्या गाड्या गावोगावच्या गोठ्यांत पडून होत्या. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या शौकिनांना त्यांचं वेड लागलं आणि बाळासोचं नशीब उघडलं. घरातला एखादा कच्चा वारस गाठायचा, कागदावर त्याची सही घ्यायची, आणि बाकीच्यांनी आवाज केला की जयसिंगला पुढं घालायचं, ही त्याची रीत. जयसिंग दारातून आत आला की निम्मी भांडणं तिथंच मिटत. उरलेली तो मिटवायचा.

"हातानं काम करताय का पाप, एकदा काय ते ठरवा की," त्याची बायको शेवंता म्हणायची. तो खाली मान घालून जेवत राहायचा.

१९९७च्या मे महिन्यात बाळासो त्याला नेसरीला घेऊन गेला. बरोबर ट्रक, साखळ्या आणि कृष्णात नावाचा एक दांडगट गडी. गाडी होती अडतीस सालची काळी ऑस्टिन. मालक भीमाप्पा वारला होता. त्याच्या धाकट्या भावानं, रुद्रेशनं, गाडी आपलीच म्हणून सही करून टाकली होती आणि तो त्या दिवशी गावात थांबलाच नव्हता. दारात उभी होती भीमाप्पाची विधवा, बसम्मा. साठीची, हडकुळी, कपाळावर विभूती. हातात विळा.

"गाडी माझ्या नवऱ्याची हाय. रुद्रेशला इकायचा हक्क न्हाय."

"काकू, बाजूला सरा," जयसिंग म्हणाला. "कागद झालाय."

"कागद घिऊन जा की मग. गाडी ऱ्हाऊ दे."

कृष्णात हसला. जयसिंगनं साखळी पुढच्या बंपरला अडकवायला डावा हात घातला आणि बसम्मानं विळा चालवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मातीत पडली. जयसिंगला आधी काही कळलंच नाही. मग रक्त दिसलं आणि डोळ्यांपुढं लाल पडदा आला. उजव्या हाताला लागलं ते गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल. त्यानं ते फिरवलं. बसम्माच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज त्यानं त्याच कानांनी ऐकला.

ती बोनेटवर आपटून खाली बसली. ओरडली नाही. नुसती त्याच्याकडं बघत राहिली. आजवर त्यानं मारलेली माणसं पळाली होती, रडली होती, पाया पडली होती. असं कुणी बघितलं नव्हतं. हँडल त्याच्या हातातून गळून पडलं.

"बघत काय बसलास? लाव साखळी," बाळासो ओरडला. बसम्मा चाकाला पाठ टेकून बसली होती. कृष्णातनं तिला पायानं ढकललं.

जयसिंगनं कृष्णातच्या नाकावर डोकं हाणलं. कृष्णात शेणात उताणा पडला.

"मालक, बाईला गडहिंग्लजला दवाखान्यात न्यायला पायजे. ट्रक द्या."

"ट्रक बाईसाठी आणलाय व्हय रे?" बाळासोनं त्याची गचांडी धरली. जयसिंगनं तुटक्या बोटांच्या हातानंच त्याच्या तोंडावर हाणलं. बाळासोचे दोन दात गेले आणि जयसिंगला भोवळ आली. अंगातल्या सदऱ्याच्या चिंधीनं हात बांधून तो उठेपर्यंत ट्रक निघून गेला होता.

"ऑस्टिन चालू हाय काय?" त्यानं विचारलं.

"दर सोमवारी चालू करते मी," बसम्मा दात आवळून म्हणाली.

एका हँडलात गाडी सुरू झाली. मागं बसम्मा, पुढं रक्तानं माखलेला जयसिंग. गडहिंग्लजपर्यंतचे सगळे खड्डे त्यानं हळू काढले, तरी प्रत्येक खड्ड्याला मागून येणारा तो दबलेला हुंकार त्याला ऐकावा लागला.

पोलिसांपुढं तो सरळ म्हणाला, "मीच मारलं." बोटांचं विचारल्यावर मात्र म्हणाला, "गाडीच्या पंख्यात गेली." सव्वा वर्ष तो कळंब्याच्या तुरुंगात बसला.

सुटून आल्यावर शाहूपुरीत त्याला कुणी काम देईना. बाळासोनं सगळीकडं निरोप धाडले होते. दोन वर्षं त्यानं ट्रकांच्या स्प्रिंगांचे पाटे बदलून पोट भरलं. मग एके दिवशी बसम्मा एस.टी.नं शाहूपुरीत आली आणि विचारत विचारत त्याच्या पत्र्याच्या शेडपुढं येऊन उभी राहिली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"कोर्टानं गाडी माझी म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "मला आता हँडल मारवत न्हाय. इकायची हाय. तू इकून दे."

जयसिंगला तोंड वर करता येईना. "अव्वा, मीच का?"

"पोलिसात खरं बोललास, आणि खोटं बी बोललास. दोन्ही येळला माझंच भलं केलंस."

"म्हंजे माफ केलं?"

"न्हाय," बसम्मा म्हणाली. "गिऱ्हाईक बघ."

गिऱ्हाईक मिळालं ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाना असलेले शिवशरण. जुन्या गाड्यांचे शौकीन, पण जाणकार. २००१च्या जानेवारीत जयसिंग नेसरीहून ऑस्टिन घेऊन निघाला. बसम्मा मागच्या सीटवर बसलीच. "माझी गाडी माझ्या हातानं देणार," म्हणाली.

बाळासोला बातमी लागली होती. तवंदी घाटात जुन्या ब्रेकांच्या भीतीनं ऑस्टिन दुसऱ्या गिअरात सरपटत उतरत होती, तेव्हा मागून मोटारसायकल आली. चालवणारा अनोळखी होता. मागं कृष्णात, हातात लोखंडी पाईप. पहिला घाव दरवाजावर बसला, दुसरा काचेवर. तिसऱ्याला काचेसकट पाईप जयसिंगच्या उजव्या डोळ्यात आला.

रक्त गालावरून गळ्यात उतरलं. पुन्हा तोच लाल पडदा. मोटारसायकल उजवीकडं कठड्याला खेटून चालली होती. स्टिअरिंगला एक झटका दिला असता तर दोघं दरीत गेले असते. जयसिंगनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"जयसिंग," मागून बसम्माचा आवाज आला, "रस्ता बघ."

पुढचा घाव खांद्यावर बसला, त्यापुढचा कानावर. तो ओरडत होता, आईमाईवरून शिव्या देत होता, पण चाक त्यानं रेषेबाहेर जाऊ दिलं नाही. शेवटच्या वळणावर ट्रकांची रांग उभी होती. त्यानं हॉर्न दाबून धरला. ड्रायव्हर लोखंडी टॉम्या घेऊन खाली उतरले तशी मोटारसायकल उलटी फिरून पळाली.

निपाणीत पट्टी बांधून घेऊन तो तसाच कागलला गेला. शिवशरण गाडीकडं बघावं की माणसाकडं, या घोळात पडले.

"दरवाजा चेपलाय, काच फुटलीया," जयसिंग सांगू लागला. "ते आजचं. दुसरा गिअर मधनंच सुटतोय, ते जुनं. मडगार्ड अस्सल न्हाय. इंजिन मात्र सोनं हाय."

"मिस्त्री, आधी खाली बसा," शिवशरण म्हणाले.

"ऐकून घ्या की. मागनं म्हणशीला, सांगितलं न्हाय."

डोळा गेला तो गेलाच. पण शिवशरणांनी ती गोष्ट चार शौकिनांना सांगितली, आणि गाडी घेण्याआधी ती जयसिंग मिस्त्रीला दाखवायची, असा रिवाजच पडला. विकणारे चरफडायचे. एकानं तर भर शेडमध्ये त्याच्या कानाखाली वाजवली. जयसिंगच्या मुठी वळल्या. त्या पाठीशी धरून तो शेडच्या मागं गेला आणि भिंतीवर डोकं टेकून बराच वेळ उभा राहिला. राग काही मेला नव्हता. रोज सकाळी त्याच्याबरोबरच उठत होता.

२००४ला घाटातल्या हल्ल्याच्या खटल्याची सुनावणी झाली. बाळासोचा माणूस आदल्या दिवशी येऊन सांगून गेला, ओळखलं न्हाय म्हण, दुसरा डोळा शाबूत ऱ्हाईल. जयसिंगनं कोर्टात उभं राहून कृष्णातकडं बोट दाखवलं. हल्ला कुणाच्या सांगण्यावरून झाला, हे कृष्णातनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाळासो सुटला, कृष्णातला दोन वर्षं लागली.

कोर्टाच्या बाहेर कृष्णातच्या बायकोनं जयसिंगला गाठलं. पदर खोचून तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, शेवटी चप्पल काढून दोन हाणल्या. माणसं धावली. जयसिंगनं हातानंच त्यांना थांबवलं.

"हाणू दे," तो म्हणाला. "घरातला कर्ता गडी गेलाय तिचा."

ती दमून पायरीवर बसली, तेव्हा तो तिच्यापासून चार हात अंतरावर बसला. शेवंता रिक्षा घेऊन आली, तेव्हा त्यानं बाजूला पडलेली ती चप्पल उचलून त्या बाईच्या पायाशी ठेवली.