बाईंचा शिधा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते आपोआप साठतात! फडताळात बिनबाटलीची बुचं साठतात ना, तसे. टाकवत नाहीत आणि कशाला बसतही नाहीत. आता तुम्ही सगळ्याजणी चहा पुढ्यात घेऊन बसलात आणि म्हणालात, "ताई, तुमच्या भोरच्या गोष्टी सांगा," म्हणून बुचं काढते बाहेर. मध्ये बोलायचं नाही. बोललात तर मी विसरते आणि मग रागावते.

भोर तेव्हा संस्थान होतं. तिथं खेड्यांतल्या मास्तरांना शिकवायचा एक वर्ग होता आणि त्या वर्गात मी मानसशास्त्र शिकवायचे. वर्गाचे प्रिन्सिपॉल नाना. आणि माझी जोडीदारीण गोदूताई, नर्स, बाळंतपणात हातखंडा. सुट्टी लागली की नाना आम्हा दोघींना मावळात पिटाळायचे. "पुस्तकात माणूस नसतो, डोंगरात असतो. जा!" असं म्हणायचे आणि स्वतः मात्र झोपाळ्यावर बसून राहायचे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी रांगत होते तेव्हा माझी आई गेली. वडिलांनी मला वसतिगृहात ठेवलं. तिथं घंटा झाली की जेवायचं, जिची वाढायची पाळी ती मुलगी वाढेल तेवढं. तक्रार नाही माझी, पोट भरलं. पण कुणाच्या तरी चुलीपुढं बसावं आणि न विचारता कुणीतरी ताटात वाढावं, ही एक हौस राहून गेली होती. एम. ए. झाले तरी ती काही गेली नाही!

*

वर्गातला पहिला दिवस. मी नवी, पदर घट्ट, आवाज त्याहून घट्ट. इंग्रजी पुस्तकातून रात्रभर घोकलेलं व्याख्यान. विषय, बालमनातील भय.

"सांगा बरं, लहान मूल अंधाराला का भितं?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी वेल्ह्याकडचे एक मास्तर उठले. फेटा, मिशा, वयानं माझ्या दुप्पट.

"बाई, आमच्याकडं मूल अंधाराला न्हाई भीत."

"मग कशाला भितं?"

"वाघराला. अंधार कुठं चावतुया?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, काय करता! संध्याकाळी नानांना सांगितलं तर म्हणाले, "पहिल्याच दिवशी एक धडा शिकलात. पगार मात्र शिकवण्याचाच मिळेल."

*

पहिलं गाव वरवे बुद्रुक. पाटलांच्या पडवीत उतरलो. आतून भाकरीचा असा वास येत होता म्हणता! मी हातपाय धुऊन अगदी सरसावून बसले.

आणि आलं काय? सुपात तांदूळ, डाळ, मीठ, तिखट, गुळाचा खडा, वर दोन कांदे. शेजारी तीन दगडांची नवी चूल आणि घासून लख्ख केलेलं पातेलं. म्हणजे शिधा! आम्ही पडलो बामणाच्या. गावाचं म्हणणं, आमच्या हातचं तुम्ही कसं खाल! म्हणून कोरडं द्यायचं आणि तुमचं तुम्ही शिजवून खा.

मी म्हटलं, "पाटलीणबाई, मला तुमची भाकरीच द्या ना. मला चालते."

बाई घाबरून दोन पावलं मागं सरली. "तुमाला चालतंय वो! पर पाप आमाला लागतंय न्हवं?"

मी चूल पेटवली. आता वसतिगृहात वाढलेली मी, स्वयंपाकघर लांबून पाहिलेलं. खाली करपलेला, वर कच्चा आणि मधे नुसतं पाणी, असा भात झाला. गोदूताईनं एक घास घेतला, शांतपणे गिळला आणि म्हणाली, "तुला मुलांच्या मनात काय शिजतंय ते कळतं, पातेल्यात काय शिजतंय ते कळत नाही!"

मग ज्या गावात जाऊ तिथं शिधा. जेवढा मान मोठा तेवढं सूप मोठं. माणसं इतक्या प्रेमानं आणून ठेवायची की नाही म्हणायची सोय नाही. आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. खरं सांगू का, मला रडू यायचं. गोदूताई म्हणायची, "धूर फार झाला गं." तिला कळायचं सगळं.

*

पुस्तकात एक नियम होता. दुःखी माणूस बोलत असताना आपण बोलू नये. सल्ला देऊ नये. फक्त ऐकावं आणि मान हलवावी. मला नियम फार आवडला. म्हटलं, करून बघू!

वेल्ह्याच्या वाटेवर एका गावात एक बाई आली सासूचं गाऱ्हाणं घेऊन. बसली आणि सुरू झाली. मी ऐकतेय, मान हलवतेय. ती थांबली की मी डोळ्यांनी म्हणते, पुढे. ती पुन्हा सुरू. बोलली, रडली, नाक पुसलं, परत बोलली. मी हूं की चूं केलं नाही. शेवटी माझ्याकडं एकटक बघितलंन, "अरं देवा!" म्हणाली आणि उठून गेली. मी खूश. मोकळी झाली बिचारी!

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीपुढं निम्मं गाव. पुढं तीच बाई, हातात नारळ आणि अंगारा. मला काही कळायच्या आत कपाळाला अंगारा फासला आणि म्हणाली, "म्हसोबाला नारळ फोडून आलेय. एवढी शिकल्याली बाई आन् वाचा बसली वो!"

मी ओरडले, "अहो, मला बोलता येतं!"

झालं! गर्दीतून एकच आरोळी. "बोलली! बाई बोलली!"

त्या गावात मानसशास्त्राचं पुढं काय झालं ठाऊक नाही. म्हसोबाची पत मात्र वाढली. आणि हो, त्या बाईची सासूसुद्धा नारळ फोडायला बरोबर गेली होती म्हणे! दोघी एका वाटेनं गेल्या आणि बोलत परत आल्या. म्हणजे उपाय लागू पडला, पण माझा की म्हसोबाचा, हे विचारू नका.

*

पानशेतला, तेव्हा तिथं धरणबिरण नव्हतं, नदीकाठचं साधं गाव होतं, मी बुद्धीची टेस्ट घेऊन गेले. विलायती चित्रं. प्रत्येकात काहीतरी राहिलेलं, मुलानं ते ओळखायचं. एका चित्रात घर होतं, त्याला धुराडं नव्हतं. बरोबर उत्तर, धुराडं.

आता आमच्या घरांना धुराडं कुठलं! धूर कौलातून वाट मिळेल तसा जातो. पण मी विचारलं. मुलं चित्राकडं बघत बसली. एक चिमुरडी, केसांच्या जटा झालेल्या, नाक वाहतंय, ती म्हणाली, "दारात कुनी बसल्यालं न्हाई."

मी म्हटलं, "अगं, घराला काय नाही ते सांग."

"त्येच की. आमच्यात दारात आजी असती. नसली तर आई असती. ह्या घराला कुनीच न्हाई."

मी चित्र पालथं घातलं. भोरला येऊन नानांना विचारलं, ह्याला मार्क किती द्यायचे? नानांनी झोका थांबवला. मग म्हणाले, "पुस्तकाप्रमाणं शून्य. तुम्ही पुस्तक लिहाल तेव्हा पैकीच्या पैकी द्या."

पुस्तक राहूनच गेलं बघा.

*

मग ती पाहणी! नानांच्या डोक्यात आलं, वेल्ह्यातल्या बायकांची माहिती घ्यायची. नाव, नवऱ्याचं नाव, मुलं, आजारपणं. वाटलं, दोन दिवसांत गाव संपेल.

पहिल्याच घरी अडलो. "नवऱ्याचं नाव काय?" बाईनं पदर तोंडात घातला. दुसरी म्हणाली, "त्येंचं नाव असं घेत्यात व्हय? या बया!" नवऱ्याचं नाव थेट घ्यायचं नाही. मग गोदूताई म्हणाली, "उखाण्यात घ्या!"

बस्स! तिथून पुढं पाहणी म्हणजे हळदीकुंकूच झालं. एकेक बाई विचार करणार, पुटपुटणार, बाकीच्या आठवण करून देणार. "तोरण्याच्या डोक्याला ढगाचा फेटा, ज्ञानबारावांच्या मागं चढते म्या घाट मोठा!" की टाळ्या. की पुढचीला जोर. दिवस मावळला तरी आम्ही त्याच आळीत!

हौसा नावाची एक बाई होती. नवरा मुंबईला गोदीत गेलेला, कित्येक वर्षांत त्याचा काही निरोप नव्हता. तिनं उखाणा घेतला, आम्ही लिहून पुढच्या घरी गेलो. तर ही आली मागनं. म्हणाली, "बाई, आमच्या ह्यांचं नाव पुन्यांदा लिवून घेता का?"

मी म्हटलं, "लिहिलंय की हो मघाशी."

"व्हय. पर घ्यायला बरं वाटतंय."

गोदूताईनं लगेच पेन्सिल काढली. "घ्या. मघाशी नीट ऐकू आलं नव्हतं मला." त्या संध्याकाळी हौसानं आळीतल्या प्रत्येक घरी येऊन उखाणा घेतला आणि गोदूताईनं प्रत्येक वेळी लिहिला. वर्गात मी जे वर्षानुवर्षं शिकवलं ना, ते गोदूताईला येत होतं. तिला जाऊन किती दिवस झाले आता! अजून कुणी काही गंमत केली की मी मान वळवते, गोदूताईला सांगायला. नाना तर तिच्याही आधी गेले. कुणाला सांगू आता? म्हणून तुम्हाला सांगते.

*

आता शेवटचा. चहा गार झाला तरी चालेल.

हिर्डोशीला गेलो होतो. वरंध घाटाच्या तोंडाशी, सगळी चाल पायांची. भाताची लावणी उरकत आलेली. पारूबाई नावाच्या म्हातारीकडं सुनेला कळा सुरू झालेल्या, म्हणून गोदूताई तडक आत गेली. मी ओट्यावर. आणि रीतीप्रमाणं कुणीतरी माझ्यापुढं शिध्याचं सूप आणून ठेवलं. मी त्याच्याकडं बघत बसले. ह्या गावातही आपण पाहुण्याच, असं वाटलं.

आत सून ओरडत होती. पारूबाई तिला पाठीमागून धरून बसलेली. उघड्या दारातून तिचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"आगं ए! बसलीस काय अशी? गडी येत्याल आता शेतावनं. भाकरी टाक!"

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं!

"तुलाच म्हनते! पीठ काठवटीत हाय!"

गेले. काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, तीत नाचणीचं पीठ. मळलं, थापलं. पहिली भाकरी फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी झाली, पण ती गोल नव्हती आणि चौकोनीही नव्हती. गोदूताईचं आतून "दम धर, दम धर" चाललेलं, ते सुनेला की मला, कळेना. आणि एकदम बाळ रडलं.

जरा वेळानं पारूबाई हात धुऊन बाहेर आली. माझ्या भाकऱ्या बघितल्या.

"ह्ये काय गं केलंस? आयनं काय शिकीवलं न्हाई व्हय तुला?"

मी म्हटलं, "आई नव्हती मला."

म्हातारी माझ्याशेजारी उकिडवी बसली. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग माझं मनगट धरलं आणि हात पाण्यात बुडवला.

"हात वला ठिवायचा. आन् मदी दाबायचं न्हाई, कडंनं फिरवायची. हां. आता उचल. भिऊ नगंस, मोडली तर मोडली."

ती भाकरी फुगली! आई शप्पथ, टम्म फुगली.

तेवढ्यात गोदूताई आली, कपाळाचा घाम पुसत. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत." मग माझ्या कानाशी म्हणाली, "ऊठ आता. घरात सोयर लागलं. बाळ जन्मलं की दहा दिवस ह्यांच्या चुलीवरचं फक्त ह्यांच्या भावकीनं खायचं, बाहेरच्यानं नाही. शिधा उचल, देवळात भात टाकू."

मी हात पुसून उठायला लागले. तोवर पारूबाईनं ताट ओढलं, त्यात ती फुगलेली भाकरी घातली, वर लसणाची चटणी घातली आणि ताट माझ्या पुढ्यात सरकवलं.

दारात शेजारीण उभी होती, बाळ बघायला आलेली. ती चरकलीच.

"आत्ती! आवं, घरात सोयर हाय! भाईरच्या मानसाला खाऊ घालता व्हय?"

पारूबाईनं दाराकडं बघितलं. ओट्यावर बघितलं. चुलीभोवती बघितलं.

"कोन हाय भाईरचं?" म्हणाली, आणि दुसरी भाकरी माझ्या ताटात टाकली.